पाळणाघर आम्हाला लागू नव्हतं

रेकॉर्ड रूममध्ये दोन लोखंडी रॅकच्या मध्ये सुती साडीचा झोका बांधलेला मला दिसला, तेव्हा त्यात आठ महिन्यांची मुलगी झोपलेली होती आणि झोक्याची दोरी आमच्या शिपायाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. शिपाई खाली सतरंजीवर बसून पाकिटांना डिंक लावत होता. एक पाकीट चिकटवायचं, एकदा अंगठा हलवायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस इतकं मन लावून काम करताना मी प्रथमच पाहत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लेकरू आहे मॅडम."

"ते मलेही दिसते. कोणाचं?"

"हळू बोला ना वो. आत्ताच झोपली."

अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना विभाग सांभाळते. म्हणजे बदल्या, रजा, हजेरी, सेवापुस्तकं आणि वरून येणारी परिपत्रकं. राहते अमरावतीला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात आणि मी ते बावीस वर्षं करते आहे. त्यामुळे मला यादीशिवाय जगता येत नाही. आज काय, उद्या काय, गाडीत काय उरकायचं, बाजारातून काय आणायचं. झोका काही माझ्या त्या दिवशीच्या यादीत नव्हता.

लेकरू आमच्या संगणक चालक मुलीचं होतं. ती एजन्सीमार्फत कंत्राटावर आलेली, तीन वर्षं आमच्याकडे, आणि कार्यालयातली अर्धी पत्रं तिच्याच हातून टाइप होतात. अकोल्याजवळच्याच गावात राहते. बाळंतपणाला घरी राहिली ती बिनपगारी. मी तिला बोलावलं तेव्हा ती कपाळाला आठ्या घालून उभी राहिली, रडवेली वगैरे नाही.

"सासू पाहत होती ना पोरीला?"

"वेचणी सुरू झाली ना मॅडम. कापूस फुटला की आमच्या गावात घरी कोण राहते? सासू वेचणीले, जाऊ वेचणीले, शेजारची म्हातारीही गेली. नवरा जिनिंगमध्ये, त्याची आता डबल पाळी आहे."

"आणि अंगणवाडी?"

"ते तीन वर्साच्या आतलं घेत नाईत. खाऊचं पाकीट देतात घरी न्याले. पाकीट सांभाळते का लेकराले?"

मी झोक्याची गाठ तपासली, रॅक हलत नाही ना ते पाहिलं आणि शिपायाला म्हटलं की डिंकाची बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मग माझ्या विभागातल्या दोघींना घेऊन वेळा ठरवल्या. साडेअकराला दूध, एकला आई, तीनला पुन्हा आई, मधल्या वेळात शिपाई किंवा आमच्यापैकी कोणी. दहा-बारा दिवस हे सुरळीत चाललं. शिपायाच्या मते तर रेकॉर्ड रूममधले उंदीरही कमी झाले.

मग एका शुक्रवारी आमचे साहेब बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्यांना जुना अभिलेख दाखवायला घेऊन गेले आणि मुलगी रडली.

साहेब पुण्याकडचे. वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. आवाज चढवत नाहीत, वेळेवर येतात, फाइल अडवून ठेवत नाहीत. त्यांनी पाहुण्यांना चहा पाजून निरोप दिला आणि मग मला बोलावलं.

"मॅडम, हे कार्यालय आहे."

"हो साहेब."

"सोमवारपासून ते मूल इथे दिसता कामा नये. तिला जमत नसेल तर एजन्सीला सांगू, ते दुसरी ऑपरेटर पाठवतील. दोन दिवसांत पाठवतात."

म्हणजे इतकं सोपं होतं ते. तीन वर्षांचं काम, दोन दिवसांत बदली माणूस. तिला नोटीस नको, चौकशी नको, काही नको. एजन्सीला एक फोन केला की झालं.

मी म्हटलं, "साहेब, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर असावं असा कायदा आहे. त्याचं परिपत्रकही आपल्याकडे आलेलं आहे."

"असं? मागवा ती फाइल."

मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी स्वतः जाऊन ती फाइल काढली, अभिमानानं टेबलावर ठेवली. साहेबांनी परिपत्रक वाचलं, पान उलटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. निळ्या शाईत, माझ्या सहीसकट. 'सदर परिपत्रक महिला कर्मचाऱ्यांच्या सोयीसंदर्भात आहे. या कार्यालयात महिला कर्मचाऱ्यांची संख्या नऊ आहे. सबब सदर तरतूद या कार्यालयास लागू नाही. नस्तीबद्ध करण्यास हरकत नसावी.' नस्तीबद्ध, म्हणजे फाइलला लावून बंद. त्याखाली त्या वेळच्या साहेबांची सही. त्या टिपणीवरच पुढे दोनदा 'पूर्वीप्रमाणे' असा शेरा मारून दोन स्मरणपत्रांना उत्तर गेलं होतं. तीही उत्तरं मीच टाइप करून घेतलेली.

"नियम तुम्हीच नीट पाहिला होता की," साहेब म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यामुळे ते जास्त लागलं.

नियमात 'कर्मचारी' असा शब्द होता. महिला कर्मचारी असा नव्हता. पन्नास माणसं मोजायची होती, पन्नास बाया नव्हे. मी मात्र परिपत्रकात 'पाळणाघर' वाचलं आणि सरळ बायका मोजायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडेच गेला.

त्या संध्याकाळी गाडीत मी नेहमीसारखी वही काढली, पण काही लिहिलं नाही. शेजारच्या सीटवरच्या शिक्षिका, त्याही माझ्यासारख्या जुन्या अप-डाऊनवाल्या, म्हणाल्या, "काय वो, आज यादी नाई?" मी त्यांना टिपणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो दहा परिपत्रकं येतात दिवसाले. लागू नाही लिहिलं की सुटका. आमच्या शाळेतही असंच चालते."

हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. ती टिपणी लिहिली तेव्हा माझी मुलगी दहावीला होती. तिचं बालपण मी याच गाडीवर निभावलं होतं. सकाळी सहाला उठून डबे, मग शेजारच्या काकूंकडे तिला सोडणं, दुपारी सासूबाईंनी तिला आणणं, तापात असली की आईला वलगावहून बोलावून घेणं. एकदा बडनेऱ्याला उतरायचं सोडून झोपेत धामणगावला गेले आणि तिथल्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत रडले, तेही आठवतं. ते सगळं संपलं होतं. आणि टिपणी लिहिताना मनात कुठंतरी होतं की मी केलं ना, यांनाही जमेल. वरून उघडलेलं दार मीच लावून घेतलं आणि आतून कडी घातली. कोणा पुरुषानं मला तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर सेवापुस्तकांतून उतरवून आणलेल्या नोंदी घेऊन बसले. नवरा समोर तुरीच्या शेंगा सोलत होता. तो वकील आहे, अमरावतीच्याच कोर्टात, घरापासून दहा मिनिटांवर. मुलगी लहान असतानाही तो घरापासून दहा मिनिटांवरच होता. हे मी त्या सकाळपर्यंत कधी असं शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "फ्रिजवर माझी यादी असायची. आठवते का?"

"आठवते ना. दूध कोणी, औषध कोणी, शाळेतून कोणी. मोठी शिस्त होती."

"त्या यादीत तुम्ही कुठं होता?"

त्यानं शेंग तशीच हातात धरली. "तू मला कधी सांगितलंच नाही."

"काकूंना सांगायला लागलं नाही. आईला सांगायला लागलं नाही."

"मी नाही म्हटलं असतं का?"

"तेच विचारते आहे."

त्यानं हातातली शेंग सोलली. म्हणाला, "बहुतेक म्हटलं असतं." हे त्यानं कबूल केलं, म्हणून मी ते इथं लिहिते. पण त्याला विचारलंच नाही, हे माझ्या बाजूचं. काकू, सासूबाई, आई, एक कामवाली आणि मी अशा पाचजणींच्या जिवावर ती यादी चालली. दहा मिनिटांवरचा बाप तिच्यात नव्हता, आणि यादी करणारी मी होते.

आमचे नियमही त्याच यादीसारखे आहेत, हे मी रोज पाहते. बालसंगोपन रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. बाईला ती रजा मिळते. पुरुषाला हवी असेल तर पत्नी मरण पावलेली असावी किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असावी, आणि तसं प्रमाणपत्र जोडावं. म्हणजे बायको धडधाकट आहे तोवर बाप हा बापच नाही. वर्षानुवर्षं मी ही अट वाचली, तपासली, अर्जाला टाचणी लावली. एकदाही पेन अडखळलं नाही.

तर त्या रविवारी मी माणसं मोजली. कायम कर्मचारी एक्केचाळीस. एजन्सीकडून आलेले ऑपरेटर, चालक, सफाईवाल्या, चौकीदार असे सतरा. एकूण अठ्ठावन्न. त्यांची सहा वर्षांच्या आतली लेकरं फोन करून विचारली. पंधरा निघाली. त्यातल्या तिघांच्या आया आमच्याकडे कामाला होत्या. बाकी बारा लेकरांचे बाप.

कागदावर ते आकडे पाहून मला हसू आलं. आमच्या कार्यालयात पाळणाघराची गरज असलीच तर ती पुरुषांना होती.

मग मी ऑपरेटर मुलीला फोन लावला. "उद्या येतेस ना?"

"नाई मॅडम. कशी येऊ? लेकरू कुठं ठेवू?"

"घेऊन ये."

"साहेब काढून टाकतील."

"रेकॉर्ड रूममध्ये नको. माझ्या टेबलाजवळ ठेवायची. सगळ्यांना दिसेल अशी."

ती म्हणाली, "तुमाले काई होणार नाई, तुमी परमनंट आहे. माही तर रोजी जाईन ना." ती बरोबर बोलत होती. मी तिला म्हटलं की खात्री देऊ शकत नाही. पण घरी बसली तरी रोजी जाणारच आहे. आली तर निदान ती कोणी आणि का घालवली हे कागदावर येईल. कोणालाही ऐकायला हे फार बरं वाटणारं वाक्य नव्हतं. ती "पाहते" म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी ती आली. कडेवर पोर, खांद्याला पिशवी, चेहरा असा की जणू भांडायलाच निघाली. मी माझ्या टेबलाशेजारची दोन कपाटं सरकवून जागा केली होती. सतरंजी घातली, चारी बाजूंनी खुर्च्या लावल्या. आस्थापना विभाग जिन्यासमोर आहे. वर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीनं मुलीला पाहिलं. ती शांतपणे एका जुन्या रबरी शिक्क्याशी खेळत होती.

चार वाजता मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वरिष्ठांच्या तोंडी आदेशाचा अवमान केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा सादर करावा. बावीस वर्षांतली पहिली. मी ती आवक नोंदवहीत नीट नोंदवायला लावली, कारण अशा कागदांना पाय फुटतात.

तीन दिवस होते, म्हणून आधी सह्या गोळा केल्या. पाळणाघराच्या मागणीचा अर्ज, खाली बापांची नावं, मुलांची वयं. लेखा शाखेतला एक कारकून माझ्या हातातला कागद पाहूनच मागे सरकला.

"मॅडम, हे लेडीजचं काम आहे ना. आमचं काय त्याच्यात?"

"पोट्टं कोणाचं आहे?"

"माहंच आहे."

"मग सही कर."

"पण बायको घरीच असते ना वो."

"घरी बसून राहते की काम करून राहते?"

"ब्लाउज शिवते. चाळीसेक गिऱ्हाइकं आहेत."

"आणि पोट्टं?"

"मशीनच्या खालीच खेळते." त्यानं मान खाजवली. "परवा सुई घुसली होती बोटात. त्याच्या."

शेजारचा म्हणाला, "कर ना बे सही. नाईतर मॅडम घरी येऊन वहिनीले विचारतील." सगळे हसले आणि त्यानं सही केली.

आमचा चालक मात्र मला पाहून स्वतःच पुढे आला. त्याची बायको गावच्या अंगणवाडीत मदतनीस. "गावची तीस पोट्टी ती सांभाळते," तो म्हणाला, "आन आमचं दोन वर्साचं शेजारीण सांभाळते. त्याले तिथं घेता येत नाई. वय बसत नाई म्हणते." त्यानं हे गमतीनं सांगितलं, पण सही करताना पेन कागदात रुतलं.

दोघांनी सही केली नाही. एक म्हणाला, घरच्या गोष्टी कार्यालयात कशाला. दुसरा म्हणाला, साहेबांच्या विरोधात जात नाही. पंधरा लेकरांपैकी तेरा जणांच्या पालकांच्या सह्या झाल्या.

खुलासा मी हातानं लिहिला. आमच्याकडे खुलासा लिहायची एक रीत आहे. 'अनवधानाने', 'नजरचुकीने', 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे तीन शब्दप्रयोग वापरले की प्रकरण मिटतं. दुसरी रीत म्हणजे दोष आधीच्या माणसावर ढकलायचा. माझ्या बाबतीत आधीचा माणूसही मीच होते. मी लिहिलं:

'१. बालिका माझ्या टेबलाशेजारी होती. ती नजरचुकीने नव्हे, माझ्या सांगण्यावरून होती. २. पाळणाघर या कार्यालयास लागू नाही ही माझी पूर्वीची टिपणी चुकीची आहे. नियमात कर्मचारी मोजायचे असताना मी फक्त महिला मोजल्या. ३. कंत्राटी धरून कर्मचारी अठ्ठावन्न आहेत. यादी जोडली आहे. ४. माझ्या चुकीच्या टिपणीच्या आधारे एका कर्मचाऱ्याचे काम जाऊ नये. कारवाई करावयाची झाल्यास टिपणी लिहिणाऱ्यावर करावी.'

शिपायानं तो आत नेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब दोनदा वाचून राहिले."

फाइलवर शेरा आला, 'चर्चा करावी.' मी आत गेले.

साहेब म्हणाले, "मॅडम, स्वतःची टिपणी चुकीची असं लिहून देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्या सेवापुस्तकात जाईल."

"सेवापुस्तकं माझ्याच कपाटात असतात साहेब. मीच चिकटवते."

ते हसले नाहीत. "आज एक मूल, उद्या सगळेच आणतील."

"आणू द्या ना. मागितलेलं तेच आहे."

"घरचं घरी बघायचं असतं. माझ्या मिसेसनं मुलांसाठी कॉलेजची नोकरी सोडली. काही बिघडलं नाही आमचं."

मी म्हटलं, "त्यांना विचारलं का साहेब कधी?"

हे बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. मला वाटलं, आता माझी बदली मेळघाटात. पण ते खुर्चीतून थोडे पुढे झाले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ठीक आहे. तळमजल्यावरची ती खोली द्या. तीन महिने, प्रायोगिक तत्त्वावर."

ती खोली मला माहीत होती. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या त्या आईच्या नावाची पाटी तिच्यावर आहे. अशी पाटी प्रत्येक बसस्थानकावर, प्रत्येक कार्यालयात असते. आमच्या पाटीमागच्या खोलीला कुलूप होतं आणि आत मोडक्या खुर्च्या होत्या. शाळेत ही गोष्ट ऐकली की आम्हा मुलींचे डोळे भरून यायचे. आता मला एवढंच वाटतं की त्या बाईसाठी दरवाजा उघडायला कोणाचं काय गेलं असतं.

"फक्त एक," साहेब फाइलवर शेरा लिहीत म्हणाले. "कायम कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. कंत्राटी लोक एजन्सीचे. त्यांची जबाबदारी आपली नाही."

मला खोली मिळत होती. माझ्यावरची कारवाई मिटत होती, तेही त्यांच्या आवाजातून कळत होतं. पाळणाघर झालं असं मी बाहेर येऊन सांगू शकले असते, लोकांनी माझं कौतुकही केलं असतं. आणि जिच्यासाठी हे सगळं होतं ती ऑपरेटर मुलगी मात्र घरी बसली असती.

मी म्हटलं, "मग खोली नको साहेब."

"म्हणजे?"

"कायम एक्केचाळीसच आहेत. ते पन्नास होत नाहीत. एजन्सीच्या सतरा माणसांमुळे आपण अठ्ठावन्न झालो. मोजताना त्यांना आत घ्यायचं आणि लेकरांना बाहेर ठेवायचं, अशी टिपणी मी लिहू शकत नाही. एकदा चुकीचं लिहून झालेलं आहे."

"तुम्ही लिहिलं नाही तर दुसरं कोणी लिहील."

"लिहू द्या. खाली माझा खुलासा लागलेला आहे. वरच्या कार्यालयात फाइल गेली की दोन्ही वाचतील."

हा निव्वळ हट्ट होता, मला माहीत होतं. वरचं कार्यालय काय वाचतं आणि काय नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण कोणताही अधिकारी आपल्या सहीखाली दोन परस्परविरोधी कागद वर पाठवत नाही. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली आवारात आमचा चालक गाडी पुसत होता. मग त्यांनी फाइल ओढली, 'कायम' हा शब्द खोडला, खोडल्याजागी छोटी सही केली आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

"मूल रडलं तर माझ्या केबिनपर्यंत आवाज यायला नको," एवढंच म्हणाले.

खोली झाडायला पूर्ण दिवस लागला. खुर्च्या काढल्या, खिडकीला जाळी बसवली, चुना मारला. सफाईवाल्या बाईनं घरून एक जुनी गोधडी आणली, शिपायानं झोक्यासाठी छताला कडी ठोकून दिली. सांभाळायला गावातल्या बचत गटातल्या एक मावशी ठेवल्या. त्यांचा पगार सध्या पालक आणि मी वर्गणी काढून देतो, आणि तो कार्यालयानं द्यावा असा प्रस्ताव मी पाठवला आहे. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पाठवला. पाठवत राहीन. मावशींच्या मदतीला रोज एका पालकानं अर्धा तास बसायचं, असा नियम मी केला. पालकांची पाळी लिहून दारावर चिकटवली. पाळीत तेरा नावं, दहा बापांची.

ऑपरेटर मुलीचं कंत्राट गेल्या महिन्यात पुन्हा झालं. वेचणी कधीच संपली, सासू घरी आली, तरी ती मुलीला आणते. मी कारण विचारलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. एजन्सीला जो फोन जाणार होता तो गेला नाही.

पाळणाघर सुरू झाल्यावर पहिल्याच गुरुवारी मात्र एक भानगड झाली होती. लेखा शाखेतल्या त्या कारकुनाची पाळी होती. अकराला मी खाली गेले तर खोलीत मावशींशेजारी एक अनोळखी बाई बसलेली. अंगावर चांगली साडी, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. मांडीवर ऑपरेटरची मुलगी आणि गुडघ्याला बिलगलेला तिचा स्वतःचा पोरगा.

"तुम्ही कोण वो?"

"याची आई. हे म्हणाले, आज माझी ड्यूटी आहे, तू जाऊन बस. म्हणून मशीन बंद करून आली. ऑटोनं."

मी तशीच वर गेले. कारकून टेबलावर पेपर पसरून चहा पीत होता. मला पाहून उभा राहिला.

"तुमच्या जागी वहिनी चालत नाहीत," मी म्हटलं. "पाळी तुमच्या नावाची आहे. चला."

"मॅडम, मले ते जमत नाई. तो माह्याजवळ रडते."

"मग आज किती वेळ रडतो ते मोजा. उद्या मला सांगा."

त्याला घेऊन मी खाली आले. त्याच्या बायकोनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिनं मुलगी मावशींकडे दिली, पोराला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि पदर झटकून उभी राहिली. पोरगं लगेच सुरू झालं.

मी तिला म्हटलं, "वर चला, चहा घेऊ."

"नको जी. बाजारात जाते. अस्तराचं कापड पाह्याचं आहे, कधीचं राहून गेलं." दारापर्यंत जाऊन ती वळली. आत तो पोराला खांद्यावर घेऊन थोपटत होता, चुकीच्या जागी, फार जोरात.

"मॅडम, त्यानं फोन लावाले सांगितला ना मले," ती म्हणाली, "तर मी उचलत नाई म्हणून सांगा."